वाङ्निश्चय आणि पानगळ

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

मागच्या दोन व्याख्यानांत आपण सौंदर्यशास्त्रातले जुने प्रश्न घेतले. या वेळी संयोजक म्हणाले, "सर, रोजच्या बघण्यातली एखादी गोष्ट घ्या आणि तिची समीक्षा करा." म्हणून आज मी कादंबरी घेतलेली नाही, चित्रपट घेतलेला नाही. एक अल्बम घेतलेला आहे.

अल्बम साखरपुड्याचा. नेमकं बोलायचं तर साखरपुड्याच्या निमित्तानं केलेल्या फोटोसेशनचा. न्यू जर्सीत वाढलेली एक मराठी मुलगी आणि तिचा होणारा नवरा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गेले. बरोबर एक फोटोग्राफर, हाताशी दोन तास. निवडून ठेवलेले फोटो बेचाळीस. मुलीची आई माझी जुनी विद्यार्थिनी. त्या तिघांच्या परवानगीनं बोलतो आहे. नावं सांगणार नाही आणि फोटो दाखवणारही नाही. दाखवायची गरज नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेले आहेत. (हशा) हसू नका, माझ्या म्हणण्याचा तोच पहिला मुद्दा आहे. पुलावरचा फोटो, पिवळ्या झाडांखालून हातात हात घालून चालण्याचा फोटो, पानं उधळण्याचा फोटो, कपाळाला कपाळ टेकवण्याचा फोटो, अंगठीचा जवळून घेतलेला फोटो. माणसं बदलतात, अल्बम तोच राहतो.

आता या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारचं बोलणं चालतं. एक, वडीलधाऱ्यांचं : काय ही थेरं, लग्नाआधी गळ्यात गळे, वर पैशाचा चुराडा. काही समाजसंस्थांनी प्री-वेडिंग शूट बंद करा म्हणून ठराव केल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. दुसरं, तरुणांचं : आमचा आनंद, आमचे पैसे, तुम्हाला काय करायचंय? या दोन्हीला मी समीक्षा म्हणत नाही. पहिली आहे तक्रार आणि दुसरी आहे दार लावून घेणं. समीक्षा तीन गोष्टी विचारते. ही वस्तू काय करू बघते आहे? ते तिला साधलं आहे का? आणि स्वतःबद्दलची कुठली गोष्ट तिच्या लक्षात आलेली नाही?

जागेपासून सुरुवात करू. मुलीच्या आईनं मला फोनवर सांगितलं, "सर, मुद्दाम निसर्गाच्या सान्निध्यात केलं." सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे. त्यातला निसर्ग जवळजवळ सगळा माणसानं रचलेला आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ या दोघांचा आराखडा १८५८ साली स्पर्धेत निवडला गेला. मग दलदल उपसून तळं केलं, सुरुंगानं खडक फोडले, माती बाहेरून आणली, झाडं लावली, आणि वळणं अशी दिली की पुढचं दृश्य एकदम समोर यावं. ज्या बो ब्रिजवर या दोघांचे सात फोटो आहेत तो ओतीव लोखंडाचा पूल १८६२ साली पूर्ण झाला. तोही वॉचाच.

या रचनेच्या मागे एक सौंदर्यविचार होता. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन नावाच्या धर्मोपदेशकानं एक कल्पना रूढ केली. तिला आपण 'चित्रवत्' म्हणू. कुठलं दृश्य चांगलं? तर जे चित्रात शोभेल ते. ओल्मस्टेडनं गिल्पिन वाचलेला होता. त्या काळचे हौशी प्रवासी एक गंमतशीर वस्तू खिशात बाळगायचे, क्लोद आरसा. चित्रकार क्लोद लोरँ याच्या नावावरून हे नाव पडलेलं. काळपट रंगाचा, किंचित फुगीर असा लहानसा आरसा. प्रवासी डोंगराकडे पाठ करून उभा राहायचा आणि आरशात डोंगर बघायचा, कारण आरशात तो क्लोदच्या चित्रासारखा दिसे. डोंगर प्रत्यक्ष समोर असताना त्याच्याकडे पाठ! आज मोबाइल वर धरून दृश्याकडे पाठ करणाऱ्या मुलांना आपण हसतो. ही सवय अडीचशे वर्षांची आहे आणि ती सुशिक्षितांनीच लावलेली आहे.

म्हणजे बघा, चित्रासारखं दिसावं म्हणून केलेल्या बागेत, चित्रासारखं दिसावं म्हणून उभं राहून, आपण चित्र काढतो. यात खोटं काही नाही. पण याला निसर्गाचं सान्निध्य म्हणू नये. हे रंगमंचाचं सान्निध्य आहे.

रंगमंचाच्या फळ्यांखाली काय असतं, हेही एकदा वाकून बघावं. बागेच्या पश्चिम अंगाला, आजच्या ८२व्या ते ८९व्या रस्त्याच्या सुमारास, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ साली कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे जमिनीचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता लागे, गोऱ्याला लागत नसे. म्हणजे त्यांच्यासाठी जमीन म्हणजे मत. १८५५च्या सुमारास तिथे सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती, तीन चर्च होती, एक शाळा होती. बागेसाठी सरकारनं सक्तीनं जमीन घेतली आणि १८५७ पर्यंत वस्ती उठली. त्या मुलामुलीनं यात काही अपराध केलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पार्श्वभूमी म्हणजे जिला स्वतःचं काही सांगायचं नाही अशी जागा, असं कॅमेरा आपल्याला शिकवतो. लेन्स मोठी उघडली की मागचं सगळं धूसर होतं, आणि त्या धूसरपणात झाडं जातात तशी माणसंही जातात.

आता ऋतू. नोव्हेंबर का? जून का नाही? तर रंगांसाठी. न्यूयॉर्कमध्ये या दिवसांत मेपल लाल होतात, एल्म आणि गिंको पिवळे होतात. घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, पाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि त्याआधीच्या तासाभरात तिरपं सोनेरी ऊन पडतं. फोटोग्राफरच्या दृष्टीनं ही पर्वणी.

पण रंग येतात कसे? दिवस लहान झाले, थंडी पडली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातली पोषकद्रव्यं आत ओढून घेतं. हिरवा गेला की पिवळा दिसायला लागतो. तो पिवळा आधीपासून तिथेच होता, हिरव्यानं झाकलेला. लाल मात्र पुष्कळदा नवा तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून, पान गळण्याच्या आधी. म्हणजे ज्याला आपण बहर समजून बघतो ती झाडाची आवराआवर आहे. हिवाळ्याआधीची निरवानिरव.

आपल्या परंपरेत हे ऋतूंचं गणित वेगळं आहे. आपण 'ऑटम'ला सरसकट शरद म्हणतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक : पाऊस संपलेला, पाणी निवळलेलं, चांदणं स्वच्छ, काशाचं गवत पांढऱ्या तुऱ्यांनी फुललेलं. 'ऋतुसंहारा'त शरद नववधूच्या रूपात येते. पानगळ ही आपल्याकडे शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आणि मराठी कवितेत पानगळ म्हटलं की विरह, म्हातारपण, ओसाडी. आपल्या आज्यांना कुणी सांगितलं असतं की साखरपुड्याचे फोटो गळणाऱ्या पानांत काढायचेत, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. (हशा) नववधूचा शरद आणि पानगळीचा ऑटम, दोन ऋतू आपण एका शब्दात कोंबले, आणि त्यामुळे फोटोत नेमकं काय आलंय हे आपल्याला दिसेनासं झालं. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

आता फोटोंकडे. बेचाळीसपैकी अडतीस फोटोंत मला ही दोन माणसं भेटली नाहीत. मुलगी हसते आहे, मुलगा तिच्याकडे बघतो आहे. चाला, म्हटल्यावर चालले. एकमेकांच्या कानात काहीतरी सांगा, म्हटल्यावर सांगितलं. याला 'कँडिड' म्हणतात, म्हणजे सांगून केलेला सहजपणा.

इथे कुणी म्हणेल, सर, कलेत तर हेच हवं असतं. भट्टनायकानं साधारणीकरण सांगितलंच आहे. नाटकातली रती ही अमक्या रामाची अमक्या सीतेवरची राहत नाही. ती व्यक्तीपासून सुटते, म्हणून प्रेक्षकाला तिचा रस घेता येतो. बरोबर. पण अल्बमचं काम नेमकं उलटं असतं. इथे मला शृंगाररस नको आहे, मला ही मुलगी हवी आहे. तिची मान जरा डावीकडे झुकते, बोलताना ती हात फार हलवते, हे तिच्या आईला माहीत आहे, आणि तीस वर्षांनी तिच्या मुलांना तेच बघायचं असेल. अल्बमनं साधारणीकरण केलं म्हणजे व्यक्ती गेली आणि रसही आला नाही. उरला तो नमुना.

मग हा अल्बम करू काय बघतो आहे? तो म्हणतो, आमचं ठरलं. आणि इथे मला आपल्या भाषेतला एक फार सुंदर शब्द पुढे आणायचा आहे, जो पत्रिकेत कधीमधी छापला जातो आणि कुणी वाचत नाही. वाङ्निश्चय. वाक् म्हणजे वाणी. वाणीनं केलेला निश्चय. साखर हा त्यातला गोडवा झाला, पुडा हा व्यवहार झाला, पण मूळ कृत्य आहे बोलण्याचं.

१९५५ साली जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं हार्वर्डला व्याख्यानं दिली. ती पुढे १९६२ साली पुस्तकरूपानं आली. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. आपण समजतो की वाक्यं जगाचं वर्णन करतात. पण काही वाक्यं वर्णन करत नाहीत, ती कृत्य करतात. 'मी वचन देतो' हे वचनाचं वर्णन नव्हे, तेच वचन. लग्नातला होकार हाही त्यातलाच. मात्र हे कृत्य घडायला अटी असतात : योग्य माणूस, योग्य प्रसंग, ऐकणारं कुणीतरी. वाङ्निश्चय करणाऱ्या आपल्या लोकांना हे ऑस्टिनच्या फार आधी कळलं होतं. म्हणून तो चारचौघांसमोर, देवाब्राह्मणांच्या साक्षीनं व्हायचा.

पण थांबा. जुन्याचे गोडवे गाऊन घरी जायचं नाही. त्या वाङ्निश्चयात बोलायचं कोण? मुलीचा बाप आणि मुलाचा बाप. मुलगी कुठे असायची? पाटावर, मान खाली घालून. शब्द तिच्याबद्दल होते, शब्द तिचे नव्हते. पुष्कळदा त्याचेही नव्हते. या अंगानं बघितलं तर सेंट्रल पार्कचा अल्बम ही लहान गोष्ट नाही. पहिल्यांदाच या प्रसंगाच्या मध्यभागी ती दोघं उभी आहेत, बरोबरीनं, मान वर करून. फोटो कुणाबरोबर, कुठे, कसा काढायचा ते त्यांनी ठरवलं. ठराव करणाऱ्या मंडळींना नेमकं हेच खुपतं, असा मला दाट संशय आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं मांडतो. जुन्या विधीत शब्द होते, पण ते त्या दोघांचे नव्हते. नव्या विधीत ती दोघं आहेत, पण शब्द नाहीत.

आणि शब्दांची जागा छायाचित्र घेऊ शकत नाही. का? रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं १९८०च्या आपल्या पुस्तकात छायाचित्राचं मर्म सांगितलं आहे. छायाचित्र एवढंच खात्रीनं सांगतं की हे होतं, ही वस्तू कधीतरी कॅमेऱ्यासमोर होती. त्याची साक्ष भूतकाळाची. वचनाचं तोंड भविष्याकडे. कॅमेरा हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे, पण तो बहिरा आहे. त्यानं तुम्हाला पुलावर उभं असलेलं पाहिलं, तुम्ही एकमेकांना काय कबूल केलं ते त्यानं ऐकलं नाही. उद्या त्याला साक्षीला बोलावलं तर तो म्हणेल, पानं फार छान होती.

आता त्या उरलेल्या चार फोटोंपैकी एकाबद्दल. तिसावा की एकतिसावा असेल. सेंट्रल पार्कमध्ये बाकांवर लहान लहान धातूच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. १९८६ पासून तिथे बाक दत्तक घेण्याची योजना आहे. देणगी द्यायची आणि बाकावर आपले चार शब्द कोरून घ्यायचे. अशा हजारो पट्ट्या आहेत. कुणी लग्नाची मागणी घातलेली, कुणी लग्नाच्या वाढदिवसाची आठवण, कुणी गेलेल्या जोडीदारासाठी. फोटोग्राफरनं बहुधा या दोघांना बाकावर बसायला सांगितलं असावं. ते बसलेले नाहीत. दोघंही वाकून पट्टी वाचताहेत. आपल्याला चेहरे अर्धेच दिसतात. मुलाचं बोट एका अक्षरावर आहे. पट्टीवर काय आहे ते फोटोत वाचता येत नाही. बाकावर दोन-तीन पिवळी पानं पडलेली आहेत, ती कुणी उधळलेली नाहीत.

मी या फोटोवर बराच वेळ थांबलो. अल्बममधला हा एकच फोटो असा आहे की त्यात पानं नुसता रंग म्हणून आलेली नाहीत. मघाशी म्हटलं होतं की पानगळीकडे परत येईन, ते इथे. हॅना आरेंटनं १९५८ सालच्या तिच्या ग्रंथात विचारलं आहे की माणसाला वचनाची गरज मुळात का पडते? तिचं उत्तर असं की उद्याचा भरवसा नसतो. आपण स्वतः उद्या कसे असू याचाही नसतो. देवांना वचनाची गरज नाही, दगडांना नाही. बदलणाऱ्याला आहे. ज्याच्या पानांचा रंग जाणार आहे त्यालाच 'मी राहीन' म्हणण्याला अर्थ आहे.

म्हणजे गळणारी पानं साखरपुड्याला अशुभ नव्हेत. ती या प्रसंगाचं खरं कारण आहेत. आपल्या आज्यांना भीती वाटली असती, ती त्यांना पानगळ नीट दिसत होती म्हणून. आपल्याला वाटत नाही, कारण आपल्याला फक्त रंग दिसतो. अल्बमच्या अडतीस फोटोंनी पानगळीतला रंग घेतला आणि गळणं वगळलं. त्या बाकाजवळच्या फोटोत दोन्ही आलं, आणि समोर कुणीतरी कोरलेले शब्दही आले. दुसऱ्या कुणाचे का होईना.

अल्बमचं माझं मूल्यमापन यावरूनच ठरतं. कारागिरी उत्तम, प्रकाश उत्तम. ठरल्याचा आनंद आहे. काय ठरलं, ते मात्र त्यात नाही.

वेळ संपत आलेली आहे, प्रश्न घेऊ या.

प्रश्न (सभागृहातून) : सर, मग अशी शूट करू नयेत, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. करावीत. ऐपतीत करावीत, कर्ज काढून करू नयेत, एवढं कुणीही सांगेल. दोन माणसं लग्नाआधी दोन तास बागेत एकत्र चालतात, हे मला वाईट कसं वाटेल? माझं म्हणणं इतकंच की त्या दोन तासांतली दहा मिनिटं कॅमेरा बंद ठेवा आणि एकमेकांना जे कबूल करायचं ते शब्दांत सांगा. नंतर साखरपुड्याच्या दिवशी, मोठ्यांसमोर, त्यातलं जे सांगण्यासारखं असेल ते दोघांनीही उभं राहून मराठीत सांगा, हिंदीत सांगा, इंग्रजीत सांगा. कुणी म्हणेल, सप्तपदीत वचनं आहेतच. आहेत, पण संस्कृतात आहेत, आणि ती म्हणताना पुष्कळांचं लक्ष फोटोग्राफरकडे असतं. (हशा)

प्रश्न (ऑनलाइन, एका श्रोत्या बाईंचा) : आमच्या वेळी बोलायची पद्धतच नव्हती. तरी चाळीस-चाळीस वर्षं संसार झाले. न बोलता निभावलंच ना? शब्दांनी नेमका काय फरक पडतो?

फार चांगला प्रश्न आहे, आणि तुमच्या पिढीनं निभावलं याबद्दल मला शंका नाही. पण बाई, एक विचारतो. निभावलं कुणी? लग्नानंतर नोकरी कुणी सोडली, गाव कुणी बदललं, दोन्हीकडच्या आईवडिलांच्या आजारपणात रात्री कोण जागलं? कुणाकडून काय अपेक्षा आहे हे बोललं गेलं नव्हतं, म्हणून ते सगळं आपोआप एकाच बाजूला गेलं. न बोललेल्या वचनाची आठवण करून देता येत नाही. मागायला गेलं तर उत्तर येतं, असं कधी ठरलं होतं?

बोललेल्या वचनाचं तसं नसतं. ते मोडू शकतं, पुष्कळदा मोडतं. पण ते चारचौघांसमोर बोललेलं असलं तर दहा वर्षांनी एखाद्या संध्याकाळी म्हणता येतं, तू म्हणाला होतास. किंवा, तू म्हणाली होतीस. त्या वाक्याला आधार असतो. माझ्या विद्यार्थिनीला मी एवढंच कळवलं की मुलीला तो बाकाजवळचा फोटो मोठा करून द्या, आणि साखरपुड्याच्या दिवशी दोघांना पाच-पाच मिनिटं बोलायला द्या. तिचं उत्तर आलं, "सर, कार्यक्रमात वेळ बसवते." बघू या.